तेल-शेंदूर

आमच्या गाडीला कंठ फुटला तो यमुना एक्सप्रेसवेवर. २०२४च्या दसऱ्याची सुटी होती आणि आम्ही आग्र्याला निघालो होतो. ग्रेटर नोएडा ते आग्रा हा १६५ किलोमीटरचा रस्ता सिमेंटचा. त्यावर टायर एरवीही गुणगुणतात, म्हणून आधी लक्ष गेलं नाही. मथुरेच्या अलीकडे सौ. म्हणाली, "कुणीतरी शंख फुंकतंय." मी म्हटलं, ब्रजभूमी आहे, फुंकत असतील. पण शंखवाला आमच्याबरोबरच निघाला. ऐंशीला त्याचा सूर मध्यमावर असे, शंभरला पंचमावर, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की एकदम रडवेला होऊन खाली घसरे. आग्र्यात शिरेपर्यंत शंखाचा स्टोव्ह झाला होता. ज्यांनी पितळी स्टोव्हला पिन मारली आहे त्यांना तो भरभर आवाज कळेल. बाकीच्यांनी सुखात राहावं.

ताजमहाल पाहिला. म्हणजे सौ.नं पाहिला. मी पार्किंगमध्ये गाडीखाली पाहत होतो.

परतताना गाडी ट्रकच्या पाठीवर घालून आणावी लागली. साधी गाडी असती तर पुढची दोन चाकं उचलून ओढत आणता आली असती. हिच्या चारही चाकांना इंजिनाची ओढ असते, त्यामुळे चारही पाय जमिनीवरून सुटल्याखेरीज हिला हलवायची सोय नाही. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते कुणाच्या नजरेस न पडता. आमची स्वारी आग्र्याहून निघाली ती उघड्या ट्रकवर, पिवळ्या पट्ट्यांनी जखडलेली, प्रत्येक टोलनाक्यावर लोकांना दर्शन देत.

आता गाडीची ओळख करून द्यायला हवी. सुबारू फॉरेस्टर, ऑटोमॅटिक, २०११ची. ही गाडी भारतात मराठी माणसाकडे असण्याचं काहीच कारण नाही. काही वर्षं तिची थोरली बहीण शेव्हर्लेचं आडनाव लावून आपल्याकडे विकली गेली, ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. आमची आली चाणक्यपुरीतून. एका वकिलातीतल्या साहेबाची ती निळ्या पाटीची गाडी. साहेब मायदेशी परतले, गाडी मागे राहिली आणि रीतसर ड्युटी भरून तीन हात फिरून माझ्या नशिबी आली. तिच्या नाकावर सहा तारे आहेत. सुबारू हे जपानी भाषेत कृत्तिका नक्षत्राचं नाव. १९५३ साली पाच कंपन्या मिळून एक झाली, म्हणून पाच लहान तारे आणि एक मोठा. सौ.नं ते ऐकलं आणि गाडी घ्यायला होकार दिला. सहा कृत्तिकांनी कार्तिकेयाला दूध पाजलं, म्हणजे गाडी सात्त्विक असणार, असा तिचा हिशेब. माझं गुडघ्याचं दुखणं होतं, मला क्लच नको होता. आमच्या घरात निर्णय असेच होतात: कारणं दोघांची वेगळी, सही एकाच कागदावर.

आता तेलाचं. या गाडीला तेल मोजायच्या तीन कांड्या आहेत. एक इंजिनाची, एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, आणि तिसरी पुढच्या डिफरन्शियलची. हा डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात राहतो, पण चूल वेगळी. गिअरबॉक्सचं तेल पातळ आणि लाल, सगळं मिळून नऊ लिटरच्या वर. डिफरन्शियलचं घट्ट, गंधकाच्या वासाचं, जेमतेम सव्वा लिटर. मध्ये एक सील. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं, भिंत सामाईक, पण येणंजाणं नाही, तसा प्रकार. अर्थात हे सगळं मी आज सांगतोय. दसऱ्याच्या दोन आठवडे आधी मला एवढंच माहीत होतं की गाडीखाली बोल्ट असतो, तो सोडला की तेल येतं.

आमच्या वसाहतीजवळच्या मिस्त्रीकडे गिअरबॉक्सचं तेल बदलायला नेली. मिस्त्री प्रामाणिक माणूस. "यह गाड़ी मैंने आज तक नहीं खोली," असं त्यानं आधीच सांगितलं. तेवढ्यावर मी परत फिरायला हवं होतं. पण माझा मेहुणा सातारचा, नोकरीला चाकणला, आणि चाकणला नोकरी असलेल्या माणसाला वाहनातलं सगळं कळतं अशी आमच्या सासरी समजूत आहे. त्याला व्हिडिओ कॉल लावला. मी फोन गाडीखाली धरला. "दाजी, जरा डावीकडं. नाही, तुमच्या डावीकडं. तो चांदणीच्या खाचेचा बोल्ट दिसतोय ना, तोच." मिस्त्रीनं चांदणीचा पाना लावला, तेल आलं. काळपट सोनेरी, आणि वास असा की शेजारचा कुत्रा उठून गेला. मी म्हटलं, "अरे, हे लाल असायला हवं ना?" मेहुणा म्हणाला, "जुनं झालं की रंग उडतो, दाजी." आमच्या लग्नातला माझा फेटा डोळ्यांसमोर आला, पटलं. तेल निघालं सव्वा लिटर. मिस्त्री खूश: "देखो साहब, जापानी गाड़ी, तेल पीती ही नहीं." मग बोल्ट घट्ट करून त्यानं गिअरबॉक्सच्या नळीतून नवं लाल तेल ओतलं. डबा चार लिटरचा होता. दिल्लीत पाहुण्याला कमी वाढत नाहीत. त्यानं अख्खा डबा रिकामा केला.

म्हणजे एका बिऱ्हाडात पूर आणि दुसऱ्यात दुष्काळ. मधली भिंत शाबूत. आणि आम्ही आग्र्याला निघालो.

मायापुरीत जायचा सल्ला मराठी मंडळाच्या कोजागरीला मिळाला. मसाला दुधाच्या दुसऱ्या पेल्यापर्यंत सतरा जणांनी सतरा निदानं केली होती. त्यातला मायापुरी हा शब्द फक्त पाच जणांनी उच्चारला, तेव्हा बहुमत तेच. पश्चिम दिल्लीतली ही वस्ती गाड्या सोडवण्यासाठी प्रसिद्ध आहे. 'सोडवणं' हा तिथला शब्द नव्हे, माझा. गाडी तिथे जाते ती मुक्तीसाठी. गल्लीच्या एका बाजूला बॉनेटांचे थर, दुसऱ्या बाजूला दारांचे, मध्ये स्टिअरिंगच्या चाकांचे हार. २०१० साली इथल्या भंगारात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं कोबाल्ट-६० येऊन पोचलं होतं आणि त्यात एकाचा जीव गेला. मी ती हकीकत वाचलेली असल्यामुळे पूर्ण गल्ली हात पाठीमागे बांधून चाललो.

उस्ताद सरदारजी, साठीचे, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, चाकं फिरवायला सांगितली आणि एक लांब पेचकस गिअरबॉक्सला टेकवून त्याची मूठ कानाला लावली. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात तेव्हा निदान डोळे तरी उघडे ठेवतात. उस्तादांनी मिटले. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि मला आमच्या आजोबांचे वैद्य आठवले.

"अगला डिफरेंशल गया, बाऊजी."

"बदलून टाका."

"पेट में है," उस्ताद म्हणाले. "गेरबक्से के पेट में."

नोकरीत मी तीस वर्षं केंद्र सरकारच्या कचेरीत अनुवाद केले. त्यामुळे कुठलाही नवा शब्द आला की त्याला प्रतिशब्द शोधल्याशिवाय मला झोप येत नाही. डिफरन्शियलला हिंदी गणितात 'अवकल' म्हणतात. मराठी कानाला ते 'अवकळा' ऐकू येतं आणि गाडीच्या बाबतीत तेच बरोबर आहे. मराठी गणितात 'विकलन'. उस्तादांचा अंदाजी खर्च ऐकल्यावर मी विकल झालो, तेव्हा तोही शब्द बसला.

पण हे यंत्र करतं काय? २६ जानेवारीला कर्तव्य पथावर तुकडी वळते तेव्हा पाहा. आतल्या टोकाचा जवान जवळजवळ जागच्या जागी पावलं मारतो आणि बाहेरच्या टोकाचा लांब लांब टांगा टाकत पळतो. दोघांची रांग एकच, ओळ मोडायची नाही. गाडीची दोन चाकं वळणावर अशीच वागतात. ती एकाच लोखंडी दांड्यावर पक्की बसवली तर एक घासतं आणि दुसरं फरफटतं. म्हणून मध्ये चार-पाच दातेरी चाकांचं एक गाठोडं बसवलेलं असतं. ते दोघांना जोर सारखा देतं, पण वेग ज्याचा त्याला ठरवू देतं. पेकर नावाच्या फ्रेंच माणसानं १८२०च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी ते पेटंट करून घेतलं. तेव्हापासून आजतागायत मुळातली कल्पना बदललेली नाही. बदलायला काही शिल्लकच नव्हतं.

आणि दिल्लीइतकं काम या यंत्राला कुठल्या शहरात नसेल. लट्यन्सनं नवी दिल्ली आखली ती जणू गोल चक्करांसाठी. रस्ते नंतर त्यांना जोडले असावेत असं वाटतं. एक गंमत सांगतो. दोन चाकांत दीड मीटरचं अंतर धरलं, तर एका पूर्ण फेरीत बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण साडेनऊ मीटर जास्त चालतं. चक्कर केवढाही असो. इंडिया गेटभोवतीचा असो की अंगणातल्या तुळशीभोवतीचा, फरक तोच साडेनऊ मीटर. मी हे गणित तीनदा करून पाहिलं, कारण ते मनाला पटत नाही. निवृत्तीनंतर दिल्लीत गाडी चालवताना मी चुकून दरवेळी एक फेरी जास्त मारतो, कारण बाहेर पडायची वाट कळेपर्यंत ती निघून गेलेली असते. म्हणजे माझ्या डिफरन्शियलनं किती साडेनऊ मीटर फुकट सोसले असतील याचा विचार करून मला अपराधी वाटलं.

उस्तादांनी काम हातात घेतलं ते २० ऑक्टोबरच्या सुमाराला. डिफरन्शियल काढायचा म्हणजे आधी बाकी सगळं काढायचं, हे माझ्या लक्षात हळूहळू आलं. आजोळच्या घरी माळ्यावरचा पाटा हवा असला की आधी गाद्या, मग ट्रंका, मग पाळणा, मग रुखवताची चूल असं उतरत जावं लागे आणि शेवटी पाटा शेजारच्यांकडे आहे असं कळे. तसंच इथे. बॅटरी गेली, एअर फिल्टरचं खोकं गेलं, स्टार्टर गेला. धुराड्याचा नळ खाली आला. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट उतरला. पुढचे दोन्ही ॲक्सल बाहेर. मग एका बोटभर भोकातून इंजिन थोडं थोडं फिरवत टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट एकेक करून शोधून सोडायचे. हे काम छोटू करत होता. त्याचं वय विचारलं तर बावीस म्हणाला, दाखवला मात्र 'छोटू' म्हणूनच. या धंद्यात लग्न होईपर्यंत माणूस छोटू असतो. मग चौघांनी मिळून गिअरबॉक्स खाली घेतला. वाजतगाजत नव्हे, शिव्या देत. गणपती उतरवतानाही एवढी काळजी आणि एवढ्या शिव्या मी एकत्र पाहिल्या नव्हत्या.

गिअरबॉक्स जमिनीवर आला म्हणजे संपलं असं मला वाटलं. तिथून सुरुवात होती. पुढचा घंटेच्या आकाराचा भाग मागच्या भागापासून फोडायचा. यातली मांडणी विलक्षण आहे. इंजिनाची ताकद डिफरन्शियलच्या डोक्यावरून मागे जाते, तिथे गिअरांमध्ये फिरते, आणि मग खालच्या मजल्यावरून एका शाफ्टनं उलट पुढे येऊन डिफरन्शियलला भेटते. मायापुरीहून शेजारच्या नारायण्याला जायचं, पण व्हाया मेरठ. जपान्यांना हे का सुचलं? इंजिन अगदी नाकाशी आडवं झोपवलं की पुढच्या चाकांची जागा गिअरबॉक्सच्या बरोबर पोटाखाली येते. मग दुसरा इलाज राहत नाही. घराचा नकाशा आधी ठरला आणि मग सासूबाईंची खोली शोधली, तसा हा प्रकार.

डिफरन्शियल दोन्ही बाजूंनी दोन मोठ्या आट्यांच्या झाकणांनी धरलेला असतो. ही झाकणं सोडताना किती फेऱ्यांत निघाली ते मोजून ठेवायचं असतं, म्हणजे परत बसवताना तेवढ्याच फेऱ्या देता येतात. छोटूनं मोजलं. एका हातात फोन होता, पण मोजलं. आणि वर्कशॉपच्या भिंतीवर, गुरू नानकांच्या कॅलेंडरशेजारी, खडूनं लिहिलं: 'बायाँ साढ़े ग्यारह, दायाँ पौने दस'. उस्तादांनी वाचून मान डोलावली. मग गाठोडं बाहेर निघालं.

ते हातात घेतल्यावर मला वाईट वाटलं. नारळाएवढं असेल, वजनाला लोढण्यासारखं. क्राऊन म्हणजे मोठं दातेरी चाक, त्याच्या दातांवर निळसर झळा; त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनचे दात चावून चावून बोथट. त्यावर कुठेही तेलाचा थेंब नव्हता. "सूखा चलाया है," उस्ताद म्हणाले. कुणी चालवला हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. मेहुण्याला मात्र फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं: "मेटलर्जीत खोट दिसते, दाजी."

मग दिवाळी आली. २०२४ची दिवाळी ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला यावर देशभर वाद झाला. वर्कशॉपनं दोन्ही दिवस सुटी घेऊन तो मिटवला. दिवाळीसाठी मालकानं भिंतींना पांढरा रंग दिला. कॅलेंडर उतरवून, भिंत खरवडून, दोन हात. परत गेलो तेव्हा गुरू नानक जागेवर होते आणि 'साढ़े ग्यारह' नव्हते. छोटूला विचारावं तर छोटू छठसाठी गावी, बिहारला. छठचं अर्घ्य ७ नोव्हेंबरला. गावाहून परतायला रेल्वेचं तिकीट मिळेल तेव्हा. फोन लागला. मागे नदीचा घाट, बायकांची गाणी. "भैया, कितने थे?" छोटू म्हणाला, "ग्यारह तो पक्का था." कुठल्या बाजूचे, हे ऐकू येण्याआधी फोन तुटला.

१५ नोव्हेंबरला छोटू आला आणि उस्ताद गेले, कारण त्या दिवशी गुरपूरब. त्याच दिवशी कार्तिकी पौर्णिमा. आपल्याकडे कार्तिकस्वामीचं दर्शन बायकांना एरवी वर्ज्य, पण या पौर्णिमेला कृत्तिकांचा योग असला की देवळात रांगा लागतात. सौ.ला ते बरोबर आठवलं. ती म्हणाली, "आपल्या कृत्तिकेला बघून येऊ." आम्ही मायापुरीत जाऊन सहा ताऱ्यांचं नाक आणि पोटात भगदाड असलेली गाडी पाहून आलो. छोटूनं चहा पाजला.

१८ नोव्हेंबरला प्रदूषणानं कळस गाठला आणि दिल्लीत चौथ्या टप्प्याचे निर्बंध लागले. ट्रकांना वेशीवर अडवलं, शाळा बंद, हवा अशी की वर्कशॉपच्या दारातून गाडी दिसेना. एका दृष्टीनं बरं झालं. ती दिसत नव्हती तोवर माझं जेवण नीट जात होतं.

दरम्यान सुटा भाग शोधायचा होता. काश्मिरी गेटला गेलो. गाड्यांच्या सुट्या भागांचा तिथला बाजार एवढा मोठा आहे की माणूस गाडीचा आरसा आणायला जातो आणि उरलेली गाडी तिथेच उभी करून येऊ शकतो. बाजाराच्या कडेला स्किनर साहेबानं बांधलेलं सेंट जेम्स चर्च आहे. हा स्किनर इंग्रजांकडे जाण्याआधी शिंद्यांच्या फौजेत होता. मला तेवढ्यावर तिथे थोडा हक्क वाटला. दुकानदाराला तो वाटला नाही. "सुबारू?" त्यानं शेजाऱ्याला हाक मारली, "ओए, सुबारू किसकी आती है?" शेजाऱ्यानं पलीकडच्याला विचारलं. असं करत प्रश्न गल्लीच्या टोकाला गेला आणि उत्तर परत आलं: "बाऊजी, दाँत गिनवा के लाओ."

दात मोजले. आमच्या क्राऊनला ४०, पिनियनला ९. चाळीस भागिले नऊ, ४.४४. हे महत्त्वाचं का? तर मायापुरीतच एका अपघाती गिअरबॉक्सच्या पोटात अगदी तसाच डिफरन्शियल सापडला. स्वस्त, चकचकीत, शाबूत. मी पैसे काढले. उस्तादांनी बोटानं दात मोजायला सुरुवात केली. सदतीसवर थांबले आणि हात झटकले. सदतीस भागिले नऊ, ४.११. मागच्या चाकांच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.४४च आहे, मग पुढचा ४.११ घातला तर पुढचं आणि मागचं चाक एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या हिशेबानं चालणार, आणि मधला क्लच त्यांची समजूत घालता घालता जळून जाणार. "अगला कहेगा आगरा, पिछला कहेगा मथुरा," उस्ताद म्हणाले. मेहुणा फोनवर म्हणाला, "दाजी, तीन दातांनी काय होतंय?" माझ्या वरच्या दाढा काढल्या तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

शेवटी जोडी आली शारजाहून. जपानच्या जुन्या गाड्यांचा माल तिथे ढिगानं मिळतो. काश्मिरी गेटच्या एका दुकानदाराचा भाचा तिकडून येत होता. खजुराच्या डब्यांसोबत क्राऊन आणि पिनियन, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून जोडीनंच विकतात. एकाचा सुटा भाव विचारला तर दुकानदार दुखावतो.

आता त्या पुसलेल्या खडूचा प्रश्न. उस्ताद म्हणाले, "गिनती होती, तो भी नई जोड़ी में नाप के ही बिठाते. पर गिनती से दिल को तसल्ली रहती है." क्राऊन आणि पिनियनच्या दातांत थोडी ढील ठेवावी लागते. या गाडीला ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर. कमी ठेवली तर दात गरम होऊन खातात, जास्त ठेवली तर कडाकडा वाजतात. उस्ताद त्याला "दो बाल" म्हणत. माणसाचे दोन केस शेजारी ठेवले तर साधारण तेवढं भरेल. माझ्याकडे नमुन्याला सुद्धा फार उरलेले नाहीत. शेजारच्या खरादवाल्याकडून डायल गेज आणला. झाकण चिमूटभर फिरवायचं, सुई बघायची, दुसऱ्या बाजूचं तितकंच फिरवायचं, पुन्हा सुई. ही फुगडी दोन दिवस चालली.

सुई जमल्यावर उस्ताद छोटूला म्हणाले, "जा, सिंदूर ले आ."

मला वाटलं पूजा आहे. छोटूलाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं आणला तो कुंकवाच्या डबीतला लाल. उस्ताद खेकसले: "मांगवाला नहीं! हनुमानवाला!" छोटू पुन्हा गेला आणि भगव्या शेंदराची पुडी घेऊन आला. उस्तादांनी वाटीत शेंदूर ओतला, त्यात तेल घातलं, बोटानं कालवला, आणि क्राऊनच्या चार-पाच दातांना थापला. मी सातारच्या घाटातल्या मारुतीसमोर उभा असल्यासारखा नकळत चपला काढून उभा राहिलो.

पण यात श्रद्धेचा भाग नव्हता. अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि फिटर लोक दातांची गाठ कुठे पडते हे तपासायला तेलात कालवलेला शिशाचाच शेंदूर वापरत आले आहेत; कंपनीच्या पुस्तकातही तेच सांगितलेलं असतं. चाक फिरवलं की जिथे दाताला दात भिडतो तिथला शेंदूर पुसला जातो आणि ठसा उमटतो. ठसा दाताच्या मधोमध हवा. टाचेकडे गेला की एक दुरुस्ती, चवड्याकडे गेला की दुसरी. पहिला ठसा टाचेवर पडला. पुसला, पुन्हा तेल, पुन्हा शेंदूर. दुसरा चवड्यावर. तिसऱ्यांदा उस्तादांनी चष्मा वर करून पाहिलं आणि वाटी खाली ठेवली. ठसा मधोमध होता, तांदळाच्या दाण्याच्या आकाराचा. "बैठ गया," ते म्हणाले. आपल्याकडे दगडाला शेंदूर लावून लोक कौल मागतात. दगडाचा कौल मला आजवर नीट कळलेला नाही. हा कळला.

गाडी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उभी राहिली. खर्च सुट्या भागांसह त्रेपन्न हजार. त्याच दिवशी गल्लीतल्या एका भंगारवाल्यानं गाडीभोवती एक फेरी मारून मला बाजूला घेतलं आणि अख्ख्या गाडीचे अडतीस हजार देऊ केले. सौ.नं हे ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

तिचा प्रश्न बिनतोड होता: एवढं करून ही गाडी चालणार किती दिवस? दिल्ली आणि आसपासच्या टापूत तेव्हा पेट्रोलची गाडी पंधरा वर्षं, डिझेलची दहा. हरित न्यायाधिकरणाचे आदेश, आणि २०१८च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर केलेलं शिक्कामोर्तब. आमची २०११ची. म्हणजे मी दीड वर्षाच्या मुदतीच्या कैद्याचं हृदयाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. १ जुलै २०२५ला तर पेट्रोल पंपांवर कॅमेरे लावून वय झालेल्या गाड्यांना तेल नाकारायला सुरुवात झाली. दोनच दिवसांत तो प्रकार आवरता घेतला, ऑगस्टमध्ये न्यायालयानं तूर्त सक्ती नको म्हटलं, पण त्या दोन दिवसांत पंपावरच्या कॅमेऱ्यासमोर मीच उगाच पोट आत घेऊन उभा राहत होतो.

तेव्हा घरात ठरलं आहे. गाडी महाराष्ट्रात जाईल. ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज भरला आहे. तिकडे पंधरा वर्षांनंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पुढे चालवता येते. गाडी घेणार आहे मेहुणा. त्याला घाटात चारही चाकांची ओढ हवी आहे आणि 'मेटलर्जीत खोट' आता दुरुस्त झाली आहे असं त्यानं सासूबाईंना सांगितलं आहे.

बॉनेटच्या आतल्या बाजूला मी पांढऱ्या ऑइलपेंटनं मराठीत तीन बाण काढून ठेवले आहेत. एकावर 'इंजिन' लिहिलंय, दुसऱ्यावर 'गिअरबॉक्स', आणि तिसऱ्यावर 'दाजी'. साताऱ्यातल्या कुणा मिस्त्रीकडे ही गाडी आली, तर त्यानं तिसऱ्या बाणाला हात लावायच्या आधी मला दिल्लीला फोन करावा. रात्री अकराला केला तरी चालेल. मेहुण्याला विचारू नये.